कोलकात्याच्या आर्मेनियन चर्चला पहिल्यांदा जाताना

कोलकात्याला जाणारा आपला माणूस दक्षिणेश्वर करतो, बेलूर मठ करतो, व्हिक्टोरियासमोर फोटो काढतो आणि न्यू मार्केटमधून साड्या घेऊन परततो. हावडा पुलापासून थोड्याच अंतरावर, बडाबाजारच्या ऐन गर्दीत या शहरातलं सगळ्यांत जुनं चर्च उभं आहे, हे त्याच्या गावीही नसतं. होली नाझरेथचं आर्मेनियन चर्च, बांधकाम १७२४ सालचं. एवढं जुनं असूनही ते अजून चालू आहे, तिथे प्रार्थना होतात, मेणबत्त्या लागतात. शहरात आर्मेनियन समाज आता जेमतेम शे-दीडशे माणसांचा, त्यात शाळेत शिकायला आलेली मुलंही धरली जातात. पण चर्चला कुलूप लागलेलं नाही.

माझा आग्रह एकच आहे: इथे दहा मिनिटं ‘बघायला’ जाऊ नका, प्रार्थनेला बसायला जा. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी दिवस ठरवा

रविवार सकाळ उत्तम. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. कोलकात्यात आर्मेनियन लोकांची आणखी दोन लहान प्रार्थनास्थळं आहेत, एक पार्क सर्कसला सेंट ग्रेगरींचं आणि एक टँगऱ्याला होली ट्रिनिटी. रविवारची प्रार्थना यांच्यात आळीपाळीने होते. म्हणून शनिवारीच चर्चच्या कार्यालयात विचारून घ्या की उद्याची प्रार्थना कुठे आणि किती वाजता आहे. टँगऱ्याला प्रार्थना चालू असताना तुम्ही बडाबाजारात फाटकाशी उभे, असं व्हायला नको.

वर्षातला एकच दिवस निवडायचा असेल तर मी ६ जानेवारी सांगेन. आर्मेनियन लोकांचा नाताळ त्या दिवशी असतो. सुरुवातीच्या काळात ख्रिस्ताचा जन्म आणि बाप्तिस्मा हे दोन्ही सण बऱ्याच ठिकाणी एकत्र, ६ जानेवारीलाच पाळत. पुढे चौथ्या शतकात रोमने जन्माचा सण २५ डिसेंबरला नेला. आर्मेनियन चर्चने जुनी चाल सोडली नाही. त्या दिवशी मुख्य प्रार्थनेनंतर पाण्याचा विधी होतो. मोठ्या भांड्यातल्या पाण्यात धर्मगुरू पवित्र तेलाचे थेंब सोडतात, क्रूस बुडवतात, आणि ते पाणी लोक तीर्थासारखं घेतात, बाटल्यांतून घरीही नेतात. डिसेंबरच्या सुट्टीत कोलकात्याचा बेत आखणारी बरीच मराठी कुटुंबं असतात. चार-आठ दिवस पुढे ढकला, शहरही थोडं रिकामं मिळेल.

१५ ऑगस्टच्या जवळच्या रविवारी द्राक्षांना आशीर्वाद देऊन ती वाटली जातात, तोही दिवस सुंदर. २४ एप्रिल मात्र दुःखाचा दिवस. १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन वंशसंहाराचं स्मरण त्या दिवशी करतात. त्या दिवशी गेलात तर मागे शांत उभे राहा, कॅमेरा बाहेर काढू नका. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात वेदीसमोरचा पडदा बंदच असतो. पहिल्या भेटीसाठी तो काळ टाळलेला बरा, कारण जे पाहायचं ते पडद्याआड राहतं.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

हे लोक आले कुठून? १६०४-०५ च्या सुमारास इराणच्या शाह अब्बासने आरास नदीकाठच्या जुल्फा गावातले आर्मेनियन उठवून आपल्या राजधानीत, इस्फहानला नेऊन वसवले. त्या वस्तीला नवं जुल्फा म्हणतात. रेशमाच्या व्यापारात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि नव्या जुल्फाचे व्यापारी सुरत, आग्रा, मद्रास, ढाका असे सगळीकडे पसरले. बंगालमध्ये चिनसुरा आणि मुर्शिदाबादजवळचं सैदाबाद ही त्यांची मोठी ठाणी.

ईस्ट इंडिया कंपनीशी त्यांचा २२ जून १६८८ चा एक करार आहे, तो मला फार बोलका वाटतो. लंडनमध्ये खोजा फानूस कलंतर या व्यापाऱ्याने तो केला. त्यात एक कलम असं: कंपनीच्या कुठल्याही ठाण्यात चाळीस आर्मेनियन वस्तीला आले की कंपनी त्यांना चर्चसाठी जागा देईल, आणि धर्मगुरूच्या खर्चासाठी सात वर्षं दरसाल पन्नास पौंड देईल. व्यापाराच्या सवलती मागता मागता त्यांनी देवघराची सोय मागून घेतली. याच फानूसचा पुतण्या खोजा इस्राएल सरहद. सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांची जमीनदारी १६९८ मध्ये कंपनीला मिळाली, त्या बोलण्यांत त्याचा मोठा वाटा होता. ज्या गावांतून पुढे कोलकाता वाढलं ती हीच.

इथलं पहिलं चर्च लाकडी होतं, ते १७०७ मध्ये जळालं. मग आगा नाझर यांनी पुढाकार घेऊन १७२४ मध्ये, समाजाच्या दफनभूमीवरच, आजचं पक्कं चर्च उभं केलं. वास्तुकार गेवोंद इराणहून आणलेला. घंटाघराचा मनोरा १७३४ चा. आपल्याकडचा एक धागाही इथे जुळतो: १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कोलकातेकरांनी शहराभोवती ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खणायला घेतला, तेव्हा हे चर्च अठरा वर्षांचं होतं. आणि आर्मेनियन केवळ पलीकडच्या बाजूला होते असंही नाही. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या फौजेत कर्नल जेकब पेट्रस हा आर्मेनियन अधिकारी अनेक वर्षं होता.

पोचायचं कसं

मुंबईहून गीतांजलीने किंवा पुण्याहून आझाद हिंदने आलात तर उतराल हावड्यालाच. सामान मुक्कामी टाका आणि शक्य असेल तर नदी लाँचने ओलांडा. हावडा स्टेशनासमोरच फेरीघाट आहे, तिथे आर्मेनियन घाटाची लाँच विचारा. हा घाटही या समाजाचाच, १७३४ मध्ये मानवेल हजार मालियान यांनी बांधलेला. हावड्याला रेल्वे आली तेव्हा पूल नव्हता, कोलकात्याच्या बाजूचे प्रवासी आर्मेनियन घाटावर तिकीट काढून बोटीने पलीकडे जात. कोलकात्यातली पहिली घोड्यांची ट्राम २४ फेब्रुवारी १८७३ ला सियालदाहून निघाली, ती याच घाटापर्यंत. म्हणजे ज्या वाटेने तुम्ही येता, ती शहराची फार जुनी वाट आहे.

लाँच नसेल तर हावड्याहून मेट्रो पकडून महाकरण स्टेशनला उतरा. मेट्रो हुगळीच्या खालून जाते, मुलं खूश होतात. तिथून ब्रेबोर्न रोडच्या कडेकडेने चालत आर्मेनियन स्ट्रीटला या. रिक्षा-टॅक्सीचा नाद सोडा, बडाबाजारात चाकं चालण्यापेक्षा थांबतातच जास्त.

कामाच्या दिवशी ही गल्ली म्हणजे डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, हातगाड्या, दोऱ्या-खोक्यांची दुकानं. फाटक फेरीवाल्यांच्या मांडामांडीत सहज चुकतं. नकाशाने ‘पोचलात’ म्हटल्यावरही दिसलं नाही तर एखाद्या दुकानदाराला विचारा, “दादा, आर्मानी गिर्जा कोथाय?” एवढं बंगाली पुरतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, वाट सोपी होते. त्यासाठीही रविवार.

फाटकाच्या आत

दरवान असतो. नमस्कार करून कशासाठी आलोय ते सांगा, वहीत नाव लिहायला सांगितलं तर लिहा. फोटो काढायचे असतील तर त्याच वेळी विचारा. नाही म्हणाले तर हुज्जत नको.

आवारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न पडेल पाय कुठे ठेवायचा. फरशी म्हणून जे दिसतं ते थडग्यांचे दगड आहेत. शेकडो, एकाला एक लागून. दफनभूमीवर चर्च बांधलं, म्हणून हे असं. आपल्याला संकोच होतो, पण त्यांवरून चालण्यावाचून मार्ग नाही आणि तिथलीही रीत तीच आहे. बसू नका, खाऊ नका, मुलांना उड्या मारू देऊ नका.

इथे अर्धा तास तरी द्या. दगडांवर आर्मेनियन लिपी कोरलेली आहे, काहींवर सोबत इंग्रजीही. लिपी मेस्रोप माश्तोत्स यांनी इसवी सन ४०५ च्या सुमारास तयार केली. तिची मूळ अक्षरं ३६, आणि तीच आकडे म्हणूनही वापरत: पहिली नऊ म्हणजे १ ते ९, पुढची नऊ १० ते ९०, मग १०० ते ९००, शेवटची नऊ १००० ते ९०००. या अक्षरांचा तक्ता फोनमध्ये घेऊन या, आणि एखाद्या दगडावरचं साल सोडवून बघा. तीन-चार अक्षरांची बेरीज आली की त्यात ५५१ मिळवायचे, आपण शालिवाहन शकात ७८ मिळवतो तसं. ११७३ आलं तर इसवी सन १७२४. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. काही दगडांवर आकडा अगदीच लहान दिसेल, दहा-वीस-पन्नासच्या घरात. तो नव्या जुल्फाच्या व्यापाऱ्यांचा वेगळा शक, आझारियाचा, १६१६ पासून मोजलेला. त्यात १६१५ मिळवा.

आता हे गणित हाताशी आहे, तर रेझाबीबीच्या दगडाकडे जा. कुठे आहे ते कोणीही दाखवेल. दानशूर सुकियास यांची पत्नी रेझाबीबी, असा तिचा उल्लेख त्यावर आहे, आणि साल १५. म्हणजे १६३०, तारीख ११ जुलै. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक इथे उतरला १६९० मध्ये, त्याच्या साठ वर्षं आधीची ही तारीख! हे वाचन खरं धरलं तर इंग्रजांच्या कितीतरी आधी इथे आर्मेनियन कुटुंब राहत होतं. इतिहासकारांत यावर वाद आहे, दगड दुसरीकडून आणला असावा असंही काहींचं म्हणणं. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या वादाने दगडाचं मोल कमी होत नाही. एका बाईचं नाव, नवऱ्याच्या दानधर्माची आठवण आणि एक तारीख, एवढं जपून ठेवावंसं त्या लोकांना वाटलं.

१९१५ च्या बळींचं स्मारकही आवारातच आहे. तिथे क्षणभर थांबा.

पोशाख आणि चालरीत

आत जाताना चपला काढायच्या नाहीत. आपला हात आपोआप पायाकडे जातो, म्हणून मुद्दाम सांगितलं. पुरुषांनी टोपी काढावी, बायकांनी डोक्यावर ओढणी किंवा पदर घेतला तर चांगलं दिसतं. हाफ पँट नको. बाकावर पायावर पाय टाकून बसणं तिथे असभ्य समजतात. निघताना वेदीकडे पाठ फिरवू नये, दोन-चार पावलं मागे मागे येऊन मग वळावं. हे सगळं आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना सांगावंच लागणार नाही, त्यांना ते देवळातल्या सवयीने कळतं.

दाराशी मेणबत्त्या असतात. पेटीत पैसे टाकून तुम्हीही लावू शकता. तुमचा धर्म कोणी विचारत नाही.

आतून चर्च मोठं नाही. संगमरवरी फरशी, भिंतींवर जुन्या कुटुंबांच्या स्मृतिशिला, वर सज्जा आणि त्याकडे जाणारा जिना. वेदीवरची चित्रं ए. ई. हॅरिस या इंग्रज चित्रकाराची आहेत, त्यात पवित्र त्रैक्य आणि शेवटचं भोजन ओळखू येतील. स्मृतिशिलांवरची नावं वाचा. कोलकात्यात जन्मून हाँगकाँगमध्ये नाव काढलेले सर कॅचिक पॉल चेटर या चर्चचे मोठे दाते होते. शहरातला ग्रँड हॉटेलचा डौल अरातून स्टीफन या आर्मेनियनाने उभा केला, पार्क स्ट्रीटचं क्वीन्स मॅन्शन हे मुळात गॅलस्टॉन मॅन्शन. चर्चमधून बाहेर पडल्यावर शहर थोडं वेगळं दिसू लागतं ते यामुळे.

प्रार्थनेत काय चालतं

रविवारच्या मुख्य उपासनेला बादाराक म्हणतात. दीड-दोन तास धरा. भाषा पाचव्या शतकातली जुनी आर्मेनियन, ती बोलायला आज कोणी वापरत नाही. तेव्हा शब्द कळणार नाहीत हे धरूनच बसा. तरीही काय चाललंय ते समजण्याइतक्या खुणा पुष्कळ आहेत.

वेदी जमिनीपासून बरीच उंच, ओट्यासारखी. तिथे वावरताना धर्मगुरू बाहेरचे जोडे घालत नाहीत, खास नक्षीदार सपाता घालतात. गाभाऱ्यातलं सोवळं आपल्याला नवं नाही, त्यामुळे हे लगेच पटतं. पडदा अधूनमधून सरकतो आणि उघडतो. धूप फिरतो, तो तुमच्याजवळ आला की किंचित मान झुकवा. मग एका टप्प्यावर घुंगरांचा झणत्कार ऐकू येईल. लांब दांड्यावर धातूची गोल चकती, तिच्या कडेला लहान लहान घंटा, ती सेवेकरी हलवतात. तिला क्षोत्स म्हणतात, आणि तो आवाज देवदूतांच्या पंखांचा मानतात. इथे सगळे सावध होतात, तुम्हीही व्हा.

त्याआधी शांतीचा अभिवादनविधी येतो. ख्रिस्त आपल्यामध्ये प्रकट झाला आहे, असा निरोप वेदीकडून निघून माणसामाणसांतून मागच्या बाकापर्यंत येतो. शेजारचा तुमच्याकडे वळून एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला मान झुकवेल. तुम्ही तसंच करा आणि पुढच्याकडे द्या. परका म्हणून तुम्हाला वगळून निरोप पुढे जात नाही, या गोष्टीसाठी तरी बादाराकला बसावं असं मला वाटतं.

कम्युनियन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरसाचा पवित्र प्रसाद, मात्र आर्मेनियन चर्चच्या बाप्तिस्मा झालेल्या लोकांसाठी आणि केरळच्या मलंकर ऑर्थोडॉक्ससारख्या त्यांच्या भगिनी चर्चच्या लोकांसाठी. आपण जागेवर राहायचं. शेवटी पातळ बिनखमिराची आशीर्वादित भाकरी वाटतात, ती मात्र सगळ्यांना. दोन्ही हातांनी घ्या, खाली सांडू देऊ नका.

उठायचं-बसायचं कधी, हे पुढच्या बाकावरच्या माणसाकडे पाहून करा. गाणाऱ्यांत शाळेची मुलंमुली दिसतील. चार आवाजांतलं ते गाणं हा इथला खरा ठेवा आहे, फोन बंद ठेवून ऐका.

माणसांशी बोलताना

प्रार्थना संपली की लोक आवारात रेंगाळतात. “बारेव झेझ” म्हणजे नमस्कार, “श्नोराकालुत्युन” म्हणजे आभार. ६ जानेवारीला “क्रिस्तोस त्स्नाव येव हायत्नेत्साव” (ख्रिस्त जन्मला आणि प्रकट झाला) असं कोणी म्हटलं तर उत्तर “ओर्हन्याल ए हायत्नुत्युनं क्रिस्तोसी” (ख्रिस्ताचं प्रकट होणं धन्य असो). अडखळलात तरी चालेल. धर्मगुरूंना फादर म्हटलं तरी त्यांना कळतं.

एक प्रश्न कृपा करून विचारू नका: “तुम्ही आता किती उरलात?” प्रत्येक पाहुणा तोच विचारतो. त्यापेक्षा शाळेबद्दल विचारा, सणाला काय शिजतं ते विचारा, रग्बीबद्दल विचारा. मिर्झा गालिब स्ट्रीटवरचं आर्मेनियन कॉलेज १८२१ मध्ये स्थापन झालं. नाव कॉलेज, पण आहे शाळा. आर्मेनिया, इराण, इराकमधून मुलं इथे येऊन राहतात, आर्मेनियन शिकतात, आणि कोलकात्याच्या मैदानांवर रग्बीत भल्याभल्यांना हरवतात. समाज टिकून आहे तो या शाळेमुळे. कादंबरीकार थॅकरे यांचा जन्म १८११ मध्ये याच जागेतला. शाळा आहे, त्यामुळे परवानगीशिवाय आत जाऊ नये आणि मुलांचे फोटो तर काढूच नयेत.

जेवणाबद्दल: बंगाली घरांत पोटोलेर दोल्मा मिळाला तर जरूर खा. परवराच्या पोटात सारण भरून केलेला हा पदार्थ आर्मेनियन लोकांकडून आला असं तिथे सांगतात.

एक दिवस जास्त असेल तर

हावड्याहून बंडेलकडे जाणारी लोकल पकडा, तासाभरात चिनसुरा. तिथलं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च १६९५ मध्ये बांधायला घेतलं आणि १६९७ मध्ये पूर्ण झालं, मार्गार घराण्याने बांधलेलं. एरवी तिथे शुकशुकाट असतो, पण जानेवारीत संत योहानाच्या सणाला कोलकात्याचा सगळा समाज तिथे जमतो, प्रार्थना होते आणि एकत्र जेवण होतं. आदल्या रविवारी नाझरेथला तारीख विचारून ठेवा. सैदाबादचं १७५८ चं चर्च लांब आहे, मुर्शिदाबाद पाहायला जाणारच असाल तरच जोडा.

आणि मुंबईकरांना तर कोलकात्यापर्यंत थांबायचीही गरज नाही. फोर्टात नगीनदास मास्टर रोडवर, जुन्या मेडोज स्ट्रीटवर, सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च आहे. स्थापना १७९६ ची, आजची इमारत विसाव्या शतकातली, आणि शेजारच्या इमारतीचं नाव अरारत, आर्मेनियन लोकांच्या पवित्र पर्वताचं. मुंबईत आर्मेनियन कुटुंबं आता नावालाच आहेत, त्यामुळे नाझरेथसारखं बादाराक तिथे मिळणार नाही. पण अक्षरांचे आकडे सोडवायचा सराव करायचा तर तक्ता घेऊन आधी तिथे चक्कर मारा, परवानगी विचारून.